झाकण कोणी लावलं

दि. ४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. सगळे म्हणजे आई आणि मी, दोघीच. फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे माझा घसा बसतो आणि तुला तरीही ऐकू येत नाही, म्हणून हा कागद.

मुद्द्याचं सांगते. मे महिन्यात घाटाची शर्यत आहे. एकेकानं सुटायचं, पायथ्यापासून माथ्यापर्यंत नऊ किलोमीटर, घड्याळाशी सामना. मी नाव दिलंय. आणि इंजिन बाबांचं न्यायचंय. त्यांच्या मोटारसायकलचा सांगाडा तेव्हाच भंगारात गेला, पण मागच्या खोलीत ताडपत्रीखाली इंजिन आहे ना, तेच. मी पाच वर्षांची असताना तू ते तिथं आणून ठेवलंस, त्यानंतर कुणी त्याला हात लावलेला नाही. आई त्या खोलीचं दारसुद्धा उघडत नाही. मी काम करते त्या गॅरेजच्या मालकांनी एक जुना सांगाडा दिलाय. त्यात ते इंजिन नेमकं बसतं, मी मापं घेऊन आले.

बाबा सरावात गेले. लांब सरळ रस्त्यावर, भरधाव वेगात, मागचं चाक एकदम जाम झालं. तू तेव्हा सांगितलंस की खालचं बेअरिंग गेलं आणि इंजिन अडकलं. बेअरिंग बदलता येतं, मामा. मला ते इंजिन पुन्हा चालताना ऐकायचंय. वेडेपणा म्हण हवं तर.

आता कॅम. कॅटलॉगमध्ये तीन आहेत. एक नंबर गरीब, दोन नंबर मधला, तीन नंबर म्हणजे आग. मला तीन नंबर घ्यायचाय. त्यानं व्हॉल्व्ह जास्त उचलला जातो, जास्त वेळ उघडा राहतो, म्हणजे इंजिन जास्त श्वास घेणार. बरोबर ना? सोबत काय काय बदलावं लागेल ते सविस्तर लिही. इंजिनाच्या डोक्याचं काम तुझ्यासारखं कुणाला जमलं नाही, असं गॅरेजमधले जुने लोक अजून म्हणतात. तू पंधरा वर्षांपूर्वी हत्यारं खाली का ठेवलीस, असंही विचारतात. मी म्हणते, कान गेले म्हणून.

तुझी,
चिंगी


दि. १३ फेब्रुवारी

चिंगे,

अनेक आशीर्वाद. तीन नंबर घ्यायचाय म्हणे! उचलली जीभ लावली टाळ्याला. घाट म्हणजे काय सरळसोट रस्ता आहे? वळण आलं की वेग पाडायचा, वळण संपलं की पुन्हा ओढायचं. तीन नंबर कॅम इंजिनाच्या वरच्या फेऱ्यांवर, भरधाव वेगातच जागा होतो. तो डोळे चोळेपर्यंत तुझं पुढचं वळण येईल. खालून ओढ हवी असेल तर दोन नंबर. गॅरेजमधल्या पोरांना बोलायला तीन नंबर बरा, घाट चढायला नाही.

आणि कॅम एकटा येत नाही. सोयरीक केल्यावर मागून सगळं गणगोत येतं, तसं त्याचं आहे. व्हॉल्व्ह जास्त उचलायचा म्हणजे त्याला तितक्याच जोरानं परत बसवणाऱ्या जड स्प्रिंगा हव्यात, प्रत्येक व्हॉल्व्हला दोन, एक बाहेरची आणि एक तिच्या आत बसणारी. टॅपेट नवे घ्यायचे. जुन्या टॅपेटवर नवा कॅम घातला की दोघं एकमेकांना खातात. पुशरॉडची लांबी पुन्हा मोजायची. कार्बोरेटरचा जेट एक नंबर मोठा. सायलेन्सरचा पाइप मोकळा नसेल तर वर केलेलं सगळं पालथ्या घड्यावर पाणी. यातलं एक जरी टाळायचं असेल तर कॅमच घेऊ नकोस.

आता माझं एक ऐक. ते इंजिन नको. इतकी वर्षं ओलीत पडलंय, आतून गंजून गोळा झाला असेल. माझ्या ओळखीच्या एका म्हाताऱ्याकडे त्याच जातीचं इंजिन पेटीत बंद पडून आहे. तो मला नाही म्हणणार नाही. महिन्याभरात तुझ्या दारात पोचवतो. ते जुनं आहे तिथं राहू दे.

माझी मापाची डायल गेज सोबत पाठवतोय. काटा नाजूक आहे, तुझ्यासारखा आडदांड नाही. जपून वापर.

मामा


दि. १३ फेब्रुवारी

छबे,

हे पत्र तुझ्या दवाखान्याच्या पत्त्यावर टाकतोय. घरी टाकलं असतं तर चिंगीनं आधी फोडलं असतं. केसपेपरच्या खिडकीवर गर्दी असेल तर आत्ता वाचू नकोस, नंतर वाच.

पोरीनं भाऊजींचं इंजिन उघडायचं डोक्यात घेतलंय. तुला माहीत असेलच. मी तिला दुसरं इंजिन देतो म्हणून लिहिलंय, पण ती ऐकेल असं वाटत नाही. तू आई आहेस. तुझा शब्द ती मोडणार नाही. तिला अडव.

ते इंजिन आपण दोघांनी बांधलं होतं. माझ्यापेक्षा तुझा हात त्यात जास्त फिरलाय. मेलेल्या माणसाचं इंजिन खोलून कुणाचं भलं झालंय? तिनं ते उघडलं तर आपल्या तिघांत जे काही शिल्लक आहे तेही राहणार नाही. का, ते विचारू नकोस. आजवर तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, हे एवढं मागतोय.

दादा


दि. २० फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. तिला अडवणं माझ्या हातात नाही. बापावर गेली आहे, नाही म्हटलं की तेच करते. आणि अडवायचं तर कारण सांगायला हवं. तू मला सांगितलेलं नाहीस, मी तिला काय सांगू?

मागच्या खोलीची किल्ली मी तिला दिली. मी काही त्या खोलीत जाणार नाही.

तू तिला शिकवशील ते पूर्ण शिकव. काही राखून ठेवू नकोस. तिला काही व्हायला नको, दादा, बाकी काहीही होवो. रोज ती गॅरेजला निघाली की परत येईपर्यंत मी घड्याळ बघत बसते. खिडकीवर लोक नाव सांगतात आणि मी दुसरंच लिहिते.

कानाचं यंत्र वापरतोस का?

छबू


दि. २६ फेब्रुवारी

मामा,

चार दिवस तुझ्यावर रुसले होते, मग कागद-पेन्सिल घेऊन घाटातली वळणं मोजली. एकवीस. तुझंच खरं. दोन नंबर मागवला. स्प्रिंगा, टॅपेट, सगळं गणगोत मागवलं. पिस्टनही नवा.

पण दुसरं इंजिन नको. म्हाताऱ्याला सांग, त्याची पेटी त्याला लखलाभ. मामा, तू मुलीच्या जातीला भितोस की काय? मी रोज सहा तास लेथवर उभी असते. किल्ली मिळाली आहे, आईनं स्वतःहून दिली. ताडपत्री काढली. गंज बाहेरच आहे, आत मुळीच नसावा. झाकणावर तेलाचा थर तसाच आहे. रविवारी उघडणार.

एक विचारायचं राहिलं. नवा कॅम व्हॉल्व्ह जास्त उचलणार, मग वर आलेला पिस्टन त्याला लागणार नाही हे आधी कसं बघायचं? गॅरेजमध्ये नुसतं 'अंदाजानं' म्हणतात. आणि दुसरं म्हणजे, आईच्या शिवणाच्या कपाटात पत्र्याची ती डबी अजून आहे. तिच्यातल्या लाल रंग लावलेल्या दोन स्प्रिंगांशी मी लहानपणी खेळायचे आणि ओरडा खायचे. त्या कशाच्या? दोन बोटांत दाबल्या जातात इतक्या मऊ आहेत. आईला विचारलं तर म्हणाली, मामाला विचार.

तुझी,
चिंगी


दि. १९ मार्च

चिंगे,

उत्तराला उशीर झाला. तीनदा लिहिलं आणि फाडलं. रविवार एव्हाना होऊन गेला असेल. तू अजून झाकण उघडलं नसशील तर आधी हे वाच, आणि उघडलं असशील तरी वाच.

पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात किती जागा उरते ते अंदाजानं बघायचं नसतं. मुलांच्या खेळण्यातली मऊ माती घ्यायची, पिस्टनच्या माथ्यावर थापायची, तिच्यावर तेलाचा हात फिरवायचा. इंजिनाचं डोकं बसवायचं, बोल्ट पुरते आवळायचे आणि इंजिन हातानं दोन फेरे फिरवायचं. मग डोकं काढून, मातीत व्हॉल्व्हचा जिथं ठसा उमटलाय तिथं ब्लेडनं कापायचं आणि जाडी मोजायची. हवा आत येणाऱ्या बाजूला दोन मिलिमीटर, एक्झॉस्टला अडीच. याहून कमी भरलं तर इंजिन सुरू करायचं नाही. थोडं कमी, चालतंय, असं म्हणायचं नाही.

ही चाचणी जड स्प्रिंगांवर नीट होत नाही, कुठं काय टेकतंय ते हाताला कळत नाही. म्हणून तेवढ्यापुरत्या मऊ स्प्रिंगा घालायच्या. त्या डबीतल्या दोन त्याच. त्यांना लाल रंग तुझ्या आईनं लावला, नेलपॉलिशचा, ओळखू याव्यात म्हणून. चाचणी झाली की त्या काढायच्या आणि जड जोड्या घालायच्या. आपल्या कारखान्यात एक रीत होती. जो व्हॉल्व्हवरचं झाकण लावेल त्याच्या डाव्या मुठीत त्या दोन्ही लाल स्प्रिंगा हव्यात. मूठ उघडून दुसऱ्याला दाखवायची, मगच झाकण.

ही रीत का, ते सांगतो. बाहेरची जड स्प्रिंग वरून बसली की आत मऊ राहिलेली दिसत नाही. इंजिन सुरू होतं. चांगलं चालतं. गल्लीत फिरवलं तर कुणाला संशय येणार नाही. पण फेऱ्या वर गेल्या की तो व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाही आणि वर येणारा पिस्टन त्याला गाठतो. व्हॉल्व्हचं डोकं तुटतं आणि इंजिन जागच्या जागी जाम होतं.

हे तुला सांगितलं नाही तर तुझ्या हातात इंजिन द्यायला मी नालायक ठरेन, म्हणून सांगितलं. झाकण लावताना जवळ दुसरं माणूस असू दे.

मामा


दि. २७ मार्च

मामांस,

तुमचं पत्र येण्याआधीच इंजिन उघडलं होतं. खालचं बेअरिंग लोण्यासारखं फिरतंय. त्याला काहीही झालेलं नाही.

एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हचं डोकं तुटून पिस्टनमध्ये रुतलंय. दांडी वाकलेली आहे. त्या बाजूची बाहेरची स्प्रिंग जड आहे, मोजली. आतली मी दोन बोटांत दाबली. रॉकेलमध्ये धुतली तर वेटोळ्यांच्या मध्ये, जिथं काही घासत नाही तिथं, लाल रंग आहे. तीन आठवडे मला कळेना की ही आली कुठून. मग तुमचं पत्र आलं.

डबी काढली. डबीत दोन आहेत. इंजिनात एक. दोन आणि एक तीन, हे गणित मला पाच वर्षांची असतानाही आलं असतं.

चूक कुणाकडूनही होते. मागच्या वर्षी मी एका गाडीचा तेलाचा बोल्ट ढिला सोडला होता. तो माणूस वाटेत थांबला म्हणून वाचला, त्यात माझी हुशारी नव्हती. चुकीसाठी मी कुणाला फासावर चढवणार नाही. पण डबीत तिसरी स्प्रिंग आणून ठेवणं ही चूक नव्हे. कुणीतरी तशीच स्प्रिंग शोधली, तिला रंग लावला, वाळू दिला आणि डबीत ठेवली. घरात बाबांचे कपडे अजून दोरीवर असतील तेव्हा. आणि मग आम्हाला सांगितलं, बेअरिंग गेलं.

मला एका प्रश्नाचं उत्तर हवं आहे. झाकण कोणी लावलं?

आईला मी यातलं काही दाखवलेलं नाही. स्प्रिंग माझ्या कामाच्या पेटीत ठेवली आहे. तिनं आजवर तुम्हाला देवाच्या जागी मानलंय. तिला हे सोसणार नाही.

चिंगी


दि. २ एप्रिल

चिंगे,

झाकण मी लावलं. मूठ कुणाला दाखवली नाही. भाऊजींना सरावाला निघायची घाई होती, मलाही होती. बेअरिंगचं खोटं मी सांगितलं. डबीत तिसरी स्प्रिंग मी ठेवली. ती दोन आठवडे शोधत होतो, कुठं मिळाली तेही सांगू शकेन.

तुझ्या आईला यातलं काही माहीत नाही. तिला सांगायचं की नाही ते तू ठरव.

तू विचारलं नाहीस तरी कामाचं लिहितो. इंजिनाचं ते डोकं तसंच वापरू नकोस. व्हॉल्व्ह तुटला तेव्हा त्याच्या बैठकीला तडा गेला असेल, नुसत्या डोळ्याला दिसणार नाही. तडे दाखवणाऱ्या रंगाच्या चाचणीला पाठव. आणि आज-उद्या कुठलाच बोल्ट आवळू नकोस. रागात हात जड पडतो.

मामा


दि. ८ एप्रिल

मामांस,

उत्तर मिळालं. डायल गेज परत पाठवते आहे.

दोन नंबर कॅमच बसवते आहे, कारण तो बरोबर आहे. तुम्ही सांगितला म्हणून नव्हे.

आईला सांगितलं. आता या घरात आणखी काही झाकून ठेवायचं नाही, असं ठरवलं. ती खुर्चीत बसली होती. दोनदा विचारलं, 'दादानं असं लिहिलंय? त्याच्या हातानं?' मी तुमचं पत्र तिच्या हातात दिलं. तिनं वाचलं, घडी घातली आणि बराच वेळ मांडीवर धरून बसली. रडली नाही. तिचं हे असं बसणं मी तुम्हाला कधी माफ करणार नाही.

आमच्याकडे येऊ नका. पत्रही नको. मला मामा होता, आता नाही.

चिंगी


दि. १५ एप्रिल

दादा,

खिडकी बंद झाल्यावर दवाखान्यातच बसून लिहिते आहे.

त्या दिवशी तू कारखान्यात नव्हतास. कानाच्या डॉक्टरकडे गेला होतास. संध्याकाळी परत आलास तो उजवा कान गेला हे ऐकून, आणि तोवर आमचे हे इंजिन घेऊन निघून गेले होते. झाकण मी लावलं. तुला हे तेव्हापासून माहीत आहे, आणि मलाही.

आत येणाऱ्या बाजूची जोडी मी घातली होती. एक्झॉस्टची घालायची, तेवढ्यात चिंगी पायरीवरून पडली. हनुवटी फाटली, हातानं दाबून रक्त थांबेना. तशीच उचलून दवाखान्यात नेली. टाके घालून आणली, तिला कडेवर घेतलेलंच होतं. कामाच्या ओट्यावर बघितलं तर एक्झॉस्टला आतली स्प्रिंग बसलेली दिसली, तेलानं माखलेली, रंग दिसलाच नाही. मला वाटलं, जाण्याआधी मीच जड घातली. वरून दुसरी चढवली. हे दारात उभे राहून हाका मारत होते. मूठ दाखवायला कुणी नव्हतं, आणि मुठीत चिंगीचा फ्रॉक होता.

उरलेली जड स्प्रिंग मला हे गेल्यानंतर नवव्या दिवशी ओट्याखाली सापडली. मी डबी उघडली. एकच लाल होती. स्प्रिंग पदरात घेऊन पुलावर गेले आणि टाकून दिली. महिन्याभरानं डबी पुन्हा उघडली तर दोन होत्या. तू मला वाचवतोयस हे मला त्याच क्षणी कळलं, दादा. आणि मी वाचले. तू काम सोडलंस, येणं सोडलंस, मी म्हटलं कान गेले म्हणून. लोकांना सांगितलं, चिंगीला सांगितलं, शेवटी स्वतःलाही तेच सांगायला लागले.

तिनं तुझं पत्र दाखवलं तेव्हा मी खरं सांगणार होते. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात तिनं माझ्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, 'आई, तू तरी आहेस.' आणि तिची हनुवटी माझ्या गुडघ्यावर होती. तिला त्या दिवसाचं सांगायचं म्हणजे पायरीचंही सांगावं लागेल. ती स्वतःलाच दोषी धरेल. पोर जन्मभर आरशात ती खूण बघेल.

तुझ्यावर रागावली तरी तिला मी आहे. माझ्यावर रागावली तर तिला कुणी नाही. दादा, अजून थोडं सांभाळ. मी मेले की तिला सगळं सांग.

छबू


दि. २४ एप्रिल

छबे,

तुझं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं नाही, एकदाच पुरे झालं.

पायरीचं कारण पुढे करू नकोस. चिंगीला टाके पडले म्हणून तू पंधरा वर्षं गप्प बसली नाहीस. भीतीनं बसलीस. भीती मला कळते, तुला माझ्यापुढे ती पोरीच्या हनुवटीमागे लपवायची गरज नव्हती.

मी तुला एक सांगतो, आणि हे पहिल्यांदाच कुणाला सांगतोय. डबीत एकच लाल दिसली तेव्हाच मला कळलं होतं, इंजिन उघडून बघायचा धीर झाला नाही. ही सगळी वर्षं मला वाटत होतं, तुला माहीत नाही. मी हत्यारं खाली ठेवली, कारण ओट्यापुढे उभा राहिलो की चेहऱ्यावर दिसेल आणि तू विचारशील, असं वाटायचं. तुझ्याकडे यायचं सोडलं त्याचंही कारण तेच. इथं एकटा जेवताना मनात यायचं, असू दे, छबू तिकडे शांत झोपते आहे. त्यावर माझं चाललं होतं, जड वाटलं नाही. आता कळलं की तूही जागीच होतीस, आणि मी इकडे मरत असलेला तुला दिसत होतो. एका ओळीनं तू मला घरी बोलावू शकली असतीस. बोलावलं नाहीस. या आठवड्यात ते मला फार जड झालंय.

तरीही झाकण मीच लावलं. कुणीही विचारलं तर हेच, आणि तू गेल्यावरही हेच. मेल्यावर सांग म्हणतेस, म्हणजे तेव्हाही पोरीच्या डोळ्यांना डोळा मीच भिडवायचा. नाही सांगणार. तिला आई पुरती राहू दे. ती हसते तेव्हा भाऊजींसारखी मान वाकडी करते, हे मी तिच्या लहानपणी पाहिलंय. आता करते का, हे मला कळणार नाही.

पण यानंतर मला पत्र लिहू नकोस. तू माझी बहीण आहेस, ते काही पुसलं जात नाही. पण तुझं अक्षर आता मला बघवत नाही.

एक काम आहे. चिंगीला सांगायचं राहिलं होतं, आणि आता माझं पत्र ती फोडणार नाही. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं की वीस मिनिटं त्याला संथ सोडायचं नाही, मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वरच ठेवायचं. संथ सोडलं तर तेल कॅमवर पुरेसं उडत नाही आणि नवा कॅम पहिल्याच दिवशी घासून जातो. वीस मिनिटं झाली की बंद करून तेल बदलायचं, आणि मगच रस्त्यावर काढायचं. हे तिला तू सांग. माझं नाव घेऊ नकोस.

दादा